साध्या मजकुराच्या फाइलींत कादंबरी : मराठी व उर्दू लेखनाच्या संदर्भात

१९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत संगणकावर मराठी लिहिणाऱ्या बहुतेकांनी श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या प्रणाली वापरल्या. उर्दूसाठी १९९४ साली कन्सेप्ट सॉफ्टवेअर या भारतीय कंपनीने आणलेले इनपेज होते. या साधनांमुळे मुद्रणाची मोठी सोय झाली यात शंका नाही. तथापि त्यांत एक उणीव होती व ती लेखकाच्या लक्षात फार उशिरा येत असे. जुन्या देवनागरी फॉंटमध्ये 'क' हे अक्षर फाइलीत 'क' म्हणून साठवले जात नसे. तेथे एखादे रोमन अक्षर वा चिन्ह साठवले जाई आणि फॉंट त्याच्या जागी 'क'चे चित्र दाखवी. फॉंट बदलला की अक्षरांची जागा निरर्थक चिन्हे घेत. जुन्या इनपेजची फाइलदेखील इनपेजखेरीज इतरत्र वाचता येत नसे. एखाद्या अध्यापकाने सुट्ट्यांमध्ये बसून तीन-चार वर्षांत तीनशे पानांची कादंबरी टंकलिखित केली आणि दरम्यान संगणक बदलला, तर हाती राहिलेली छापील प्रत हाच एकमेव आधार उरे. छापील प्रत नसेल तर तोही नाही.

या अडचणीचे मूळ मजकूर, त्याचे रूप आणि तो उघडणारे सॉफ्टवेअर या तीन गोष्टी एकमेकांत अडकण्यात आहे. त्या सुट्या करण्याचा मार्ग म्हणजे साधा मजकूर, अर्थात प्लेन टेक्स्ट. अशा फाइलीत केवळ अक्षरांचे संकेतांक असतात. फॉंट, अक्षराचा आकार, समास, रंग यांपैकी काहीही नसते. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली व तीत देवनागरीस आणि अरबी-उर्दू लिपीस स्वतंत्र जागा मिळाल्या. १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही साठवणीची पद्धत आखली. आज साध्या मजकुराची फाइल म्हटले की हीच पद्धत गृहीत धरावी. हिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व उर्दूचे अक्षर दोन बाइट घेते. ऐंशी हजार शब्दांची मराठी कादंबरी असेल आणि मात्रा वेगळ्या मोजून शब्दामागे सरासरी पाच चिन्हे धरली, तर सारी फाइल सव्वा मेगाबाइटच्या आसपास भरते. जुन्या फ्लॉपीवरही ती मावली असती.

हा प्रश्न केवळ भारतीय भाषांचा आहे असे मात्र नाही. अमेरिकन कादंबरीकार नील स्टीफन्सन यांनी १९९९ साली संगणकांविषयी लिहिलेल्या दीर्घ निबंधात, आपल्या जुन्या फाइली वर्ड ओळखेनासे झाले म्हणून आपण ईमॅक्स या साध्या मजकुराच्या संपादकाकडे वळलो असे नमूद केले आहे. इंग्रजीसारख्या सुस्थिर लिपीत लिहिणाऱ्यावरही अशी पाळी येते, तेथे दोन लिप्यांत वावरणाऱ्या लेखकाने अधिक सावध राहणे योग्य ठरते.

विंडोजमधील नोटपॅड हे सर्वांत सहज उपलब्ध साधन होय. २०१९ पूर्वीच्या नोटपॅडमध्ये फाइल साठवताना यूटीएफ-८ हा पर्याय हाताने निवडावा लागे. तो न निवडता आणि आलेल्या इशाऱ्याकडे न पाहता साठवले, तर पुढच्या वेळी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे. २०१९ पासून यूटीएफ-८ हीच मूळ निवड आहे. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जुनी यंत्रे असतील तेथे ही बाब विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.

मांडणी

कादंबरीच्या मांडणीसाठी एक फोल्डर व प्रत्येक प्रकरणाची एक फाइल एवढ्याने आरंभ होतो. फाइलींची नावे ०१०, ०२०, ०३० अशी दहा-दहाच्या अंतराने द्यावीत. पहिल्या व दुसऱ्या प्रकरणाच्या मध्ये नवे प्रकरण घालावेसे वाटले तर ०१५ ही जागा मोकळी असते व पुढील सर्व नावे बदलावी लागत नाहीत. शेजारी आणखी तीन-चार फाइली असाव्यात : माणसे, कालपट, शब्दसूची आणि शंका. माणसांच्या फाइलीत वय, नाते, बोलण्याची लकब, कोण कोणास काय म्हणते याची नोंद असावी. एकाच घरात आजीला कोणी 'दादीमां' म्हणतो, कोणी 'नानी' आणि शेजारचा मराठी मुलगा 'आजी' म्हणतो. हे दोनशे पानांत एकसारखे राखणे स्मरणाच्या बळावर कठीण जाते.

फाइलीतच शीर्षके व उपशीर्षके हवी असतील तर जॉन ग्रुबर यांनी २००४ साली तयार केलेली मार्कडाउन ही चिन्हपद्धती किंवा ईमॅक्समधील ऑर्ग-मोड उपयोगी पडतो. ऑर्ग-मोड अॅम्स्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये स्वतःच्या टिपणांसाठी लिहिला. ओळीच्या आरंभी एक तारा म्हणजे भाग, दोन तारे म्हणजे प्रकरण, तीन तारे म्हणजे प्रसंग, असा त्याचा वापर करता येतो. प्रसंगाची घडी घालून केवळ शीर्षक दिसू देता येते आणि एक कळ दाबून तो आतील मजकुरासह वर-खाली हलवता येतो. 'लिहिणे', 'तपासणे', 'झाले' अशा खुणाही लावता येतात. फाइल मात्र साधीच राहते. ईमॅक्स नसलेल्या यंत्रावर ती नोटपॅडमध्ये उघडते, तारे तेवढे उघडे दिसतात.

यांत कालपटाची फाइल सर्वाधिक कामाची आहे. समजा, एखादी कादंबरी १९४८च्या परभणी किंवा नांदेड जिल्ह्यात घडते. हैदराबाद संस्थानातील पोलीस अॅक्शन १३ सप्टेंबरला सुरू झाली व १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. तेव्हा हिजरी सन १३६७चा जिल्काद महिना चालू होता. रमजान ईद ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात होऊन गेली होती, बकरी ईद ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास यायची होती. म्हणजे त्या धामधुमीत ईदची नमाज दाखवणारा प्रसंग कितीही हृद्य असला तरी टिकणार नाही. १७ सप्टेंबर हा शुक्रवार होता, त्यामुळे जुम्याची नमाज दाखवता येईल. मराठी पंचांगाप्रमाणे तो भाद्रपदाचा शुद्ध पक्ष, म्हणजे गणेशोत्सवाचा काळ. रात्री चांदण्या होत्या. त्या आठवड्यात कोणी काळोखाचा फायदा घेऊन शिवार ओलांडीत असेल तर त्याला ढगांचा आडोसा द्यावा लागेल. संस्थानच्या सरकारी कागदांत याच काळाचा उल्लेख फसली सन १३५७ असा येतो. हे सर्व कालपटात एका ओळीत, एका तारखेखाली बसते : इंग्रजी तारीख, वार, हिजरी, फसली, तिथी आणि पुढे प्रसंगाचा क्रमांक. ईमॅक्सच्या दिनदर्शिकेत इंग्रजी तारखेची हिजरी तारीख करण्याची सोय आहे. परंतु ती गणिती पद्धतीने काढलेली असते. प्रत्यक्ष चंद्रदर्शनाप्रमाणे एखाद-दोन दिवसांचा फरक पडू शकतो, म्हणून नेमक्या दिवसासाठी त्या काळचे वर्तमानपत्र पाहणे चांगले.

शोध आणि लिपीची गुंतागुंत

साध्या मजकुराचा दुसरा मोठा लाभ शोधाचा. सर्व प्रकरणांत एखादे नाव कोठे कोठे आले हे क्षणात कळते. येथे मराठीच्या व उर्दूच्या काही खाचाखोचा आहेत आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्यांचा उल्लेख नसतो.

मराठी नामाला विभक्ती लागताना त्याचे रूप बदलते. 'वाडा' शोधल्यास 'वाड्यात' व 'वाड्याला' सापडत नाहीत, आणि नुसते 'वाड' शोधल्यास 'वाडगा'ही हाती येतो. त्यासाठी 'वाड'नंतर काना किंवा हलन्त चिन्ह, असा नमुना द्यावा लागतो. 'दुसऱ्या' यातील अर्धा 'र' दोन प्रकारांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला 'ऱ' घेतात, तर दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त लावून पुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकास मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. नुक्त्याचेही तसेच. 'ज़' हे एक अखंड चिन्ह असू शकते किंवा 'ज' आणि नुक्ता अशी दोन.

उर्दूत ही अडचण अधिक आहे, कारण अरबीचा 'काफ', 'ये' व 'हे' आणि उर्दूचे तेच वर्ण यांना युनिकोडमध्ये निराळे संकेतांक आहेत. अरबी कळफलकावर टंकलेले 'करीम' हे नाव उर्दू कळफलकाच्या शोधास सापडत नाही. यावर उपाय सोपा आहे : कादंबरी सुरू करतानाच एक कळफलक ठरवावा व शेवटपर्यंत तोच ठेवावा. दोन-तीन लेखक किंवा टंकलेखक असतील तर हा निर्णय पहिल्याच दिवशी व्हावा.

मराठी कादंबरीत उर्दू लिपीतील शेर किंवा पत्र घालायचे असल्यास ते स्वतंत्र परिच्छेदात ठेवावे. एकाच ओळीत डावीकडून व उजवीकडून जाणाऱ्या लिप्या आल्या की पूर्णविराम, कंस व अवतरणचिन्हे भलत्या टोकाला जाऊन बसतात. ईमॅक्समध्ये उजवीकडून लिहिण्याची व्यवस्था २०१२च्या चोविसाव्या आवृत्तीपासून आहे. ब्रॅम मूलेनार यांचा व्हिम (१९९१) अनेक लेखकांना प्रिय असला तरी तो बहुधा टर्मिनलच्या चौकटीत चालतो आणि तेथे समान रुंदीच्या घरांत अक्षरे बसवली जात असल्याने देवनागरी जोडाक्षरे व मात्रा विस्कटतात, नस्तालीकची तर गोष्टच नको. आपल्या लेखकांस त्याची शिफारस करण्यात अर्थ नाही. खरे पाहता ज्याला ईमॅक्सच्या कळा शिकण्याचा कंटाळा आहे त्याने तोही शिकू नये, नोटपॅड आणि नीट नावे दिलेल्या फाइली पुरेशा आहेत.

जुने मसुदे जपण्यासाठी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये प्रोग्रामरांसाठी केलेले गिट वापरता येते. ते फरक ओळीगणिक दाखवते, म्हणून प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिल्यास बदल स्पष्ट दिसतो. इतका खटाटोप नको असेल तर दर महिन्याला तारखेच्या नावाने संपूर्ण फोल्डरची प्रत करून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

हस्तलिखित प्रकाशकाकडे देताना वर्डची फाइल मागितली जाते. बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये लिहिलेले पॅनडॉक हे विनामूल्य साधन मार्कडाउन किंवा ऑर्गच्या फाइलींतून वर्ड व ई-पुस्तक दोन्ही तयार करून देते. पुढे मुद्रकाने मजकूर जुन्या फॉंटमध्ये रूपांतरित केला, तर मुद्रिते पुन्हा मुळापासून वाचावीत. जुन्या फॉंटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराची जागाही अशीच बदलते. रूपांतरात चुका होतात त्या प्रामुख्याने याच दोन ठिकाणी, विशेषतः जोडाक्षरावर वेलांटी आली असता. मुद्रिते वाचणाऱ्या विद्यार्थ्यास 'स्थिती', 'शक्ति', 'मूर्ती', 'दुसऱ्या' अशा शब्दांची छोटी यादी आधी दिली, तर बहुतेक चुका पहिल्याच वाचनात सापडतात.