ड जीवनसत्त्वाने कर्करोगाची गाठ रोखता येते का?

सेड्रिक आणि फ्रँक गारलँड या संशोधक भावांनी 1980 साली एक निरीक्षण मांडले. अमेरिकेच्या ऊन भरपूर असलेल्या नैऋत्य भागात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होते, ईशान्येत जास्त. उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते; तेच संरक्षण देत असावे, असा त्यांचा तर्क होता.

प्रयोगशाळेने या तर्काला बळ दिले. ड जीवनसत्त्वावर आधी यकृतात, मग मूत्रपिंडात प्रक्रिया होऊन कॅल्सिट्रायॉल हे संप्रेरक बनते. ते पेशीकेंद्रापर्यंत पोचून काही जनुके जागी करते, काही गप्प करते. काचेच्या बशीत वाढवलेल्या अनेक प्रकारच्या कर्कपेशींचे विभाजन त्याने मंदावते. ड जीवनसत्त्वाच्या जोडीने घेतले जाणारे कॅल्शियम आतड्यात वेगळ्या मार्गाने काम करते. अस्तराला त्रास देणारी पित्ताम्ले ते बांधून ठेवते. आतड्यातले पॉलिप काढलेल्या रुग्णांना रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम दिल्यावर नवे पॉलिप येण्याचे प्रमाण थोडे घटले, असे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

अडचण मात्रेची आहे. बशीतल्या पेशी थोपवायला लागते तेवढे कॅल्सिट्रायॉल रुग्णाला दिले, तर रक्तातले कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जाते. शिवाय आजारी माणूस उन्हात कमी जातो. त्यामुळे रक्तातले कमी ड जीवनसत्त्व हे रोगाचे कारण नसून परिणामही असू शकते. हा गुंता मोठ्या चाचण्याच सोडवू शकतात. अमेरिकेत 36,282 स्त्रियांना सरासरी सात वर्षे कॅल्शियम व ड जीवनसत्त्व किंवा बिनऔषधी गोळ्या दिल्या. आतड्याच्या कर्करोगात फरक पडला नाही. पुढे ‘व्हायटल’ चाचणीत 25,871 जणांपैकी निम्म्यांना रोज 2000 युनिट ड जीवनसत्त्व मिळाले. कर्करोग होण्याचे प्रमाण घटले नाही. मात्र 2020 च्या विश्लेषणात पसरलेला किंवा जीवघेणा कर्करोग 17 टक्क्यांनी कमी आढळला, आणि हा लाभ प्रामुख्याने सामान्य वजनाच्या लोकांत दिसला. गाठ होणे टळत नसले, तरी तिचा प्रसार मंदावतो का, हा प्रश्न म्हणून जिवंत आहे.

तोवर घरोघरी पोचलेल्या 60,000 युनिटच्या पुड्या कर्करोगावरचे औषध समजू नयेत. कमतरता असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर भरून काढावी, हाडांना या जीवनसत्त्वाची गरज आहेच. पण मनाने वाढवलेली मात्रा उलट्या, मुतखडे आणि मूत्रपिंडाची हानी घडवू शकते. रुग्णाने चालू उपचार सोडून या गोळ्यांवर विसंबणे तर त्याहून घातक.