जाड तळहातांचा वारसा

नांगर धरणाऱ्याच्या किंवा घण चालविणाऱ्याच्या हातांना घट्टे पडतात, ते श्रमाचे चिन्ह होय. परंतु तान्ह्या मुलाचे तळहात व तळपाय जाड आणि पिवळट होऊ लागले, म्हणजे घरची माणसे भांबावतात. कोणी कुष्ठाची शंका घेतो, तर कोणी आईच्या माहेराकडे बोट दाखवितो. अशा वेळी आनुवंशिकतेचे शास्त्र काय सांगते, ते पाहणे हिताचे ठरते.

बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत निर्माण होतात आणि वर सरकत जाऊन काही आठवड्यांनी झडतात. त्यांना बळकटी देतात ते केराटिन नावाच्या प्रथिनाचे धागे. ह्या प्रथिनाची नववी जात मुख्यत्वे तळहात व तळपायांतच आढळते. ती घडविणारे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असून, त्यातील दोषाने हा विकार उद्भवतो, हे १९९४ मध्ये उघड झाले. आईबापांकडून मिळालेल्या दोन प्रतींपैकी एक सदोष असली, तरी धाग्यांची वीण दुबळी होते आणि त्वचा थरावर थर चढविते. अशा रोग्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, विकाराचा संभव निम्मा असतो. क्वचित हा दोष अपत्यातच नव्याने उत्पन्न होतो.

दुसऱ्या प्रकाराची कथा क्रोएशियातील म्ल्येट बेटावरची आहे. ह्या बेटाचे जुने नाव मेलेडा. तेथील रहिवाशांच्या अशा विकाराचे वर्णन दुब्रोव्हनिकचे वैद्य लुका स्तुली ह्यांनी १८२६ मध्ये केले. त्याच्या मुळाशी आठव्या गुणसूत्रावरील ‘स्लर्प-१’ हे जनुक आहे, हे कळण्यास २००१ साल उजाडले. येथे दोन्ही प्रती सदोष असल्याखेरीज विकार होत नाही. एकेक सदोष प्रत बाळगणारे आईबाप स्वतः निरोगी असतात. मात्र त्यांच्या प्रत्येक अपत्याला विकाराचा संभव एक चतुर्थांश असतो. आप्तसंबंधांतील विवाहांत एकाच पूर्वजाची सदोष प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामेबहिणीशी विवाहाची चाल आहे. तिलाही हाच हिशेब लागू पडतो.

हे विकार स्पर्शाने पसरत नाहीत. सॅलिसिलिक आम्ल किंवा युरिया असलेल्या मलमांनी कातडी मऊ होते, जनुक मात्र बदलत नाही. जाडीचे नेमके कारण वैद्यानेच ठरवावे. ते आनुवंशिक ठरले, तरी दूषण कोणाला द्यावयाचे? पहिल्या प्रकारात सदोष प्रत पित्याचीही असू शकते आणि दुसऱ्यात ती दोघांचीही असते. जाणूनबुजून ती कोणीच दिलेली नसते.