मालवण सागरी अभयारण्य

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण शहरालगतच्या समुद्रात सागरी जीवांच्या संरक्षणार्थ स्थापन झालेले महाराष्ट्रातील पहिले सागरी अभयारण्य. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये राज्य शासनाने ते १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित केले. क्षेत्रफळ सु. २९·१२ चौ. किमी. असून त्यांपैकी ३·१८ चौ. किमी. गाभा क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड ह्यांच्या सभोवारचा भाग त्यात मोडतो. येथील उथळ, खडकाळ तळावर प्रवाळ, स्पंज, शैवले व शिंपले आढळतात.

मूळ अधिनियम मुख्यतः जंगल डोळ्यांपुढे ठेवून रचलेला होता. त्यातील ‘वन्य जीव’ ह्या संज्ञेत मासे व कवचधारी प्राणीही येतात आणि कलम २९ परवान्याशिवाय अभयारण्यातील वन्य जीव नष्ट करण्यास वा हलविण्यास मनाई करते. परिणामी मच्छीमाराची रोजची पकड, निदान कागदोपत्री, अपराध ठरण्याचा संभव निर्माण झाला. पारंपरिक मच्छीमारांनी अभयारण्यास जो दीर्घकाळ विरोध केला, त्याचे मूळ येथे आहे. किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यावर बंधन येते आणि यांत्रिक पर्ससीन नौका मात्र समुद्र उपसतात, हा त्यांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. १९९१ च्या दुरुस्तीने कलम २६अ समाविष्ट झाले; प्रादेशिक जलक्षेत्राचा अभयारण्यात समावेश करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितरक्षणाची पुरेशी तजवीज करणे त्यानुसार आवश्यक झाले. पर्ससीन मासेमारीवरील नियंत्रण मात्र महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ ह्या वेगळ्या कायद्याखाली येते. त्याखालील ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने ती सप्टेंबर ते डिसेंबर ह्या काळापुरती मर्यादित करण्यात आली.

क्षेत्र राखण्याबरोबरच विशिष्ट जातींनाही कायद्याने संरक्षण दिले आहे. ऑलिव्ह रिडले कासव अनुसूची १ मध्ये आहे. व्हेल शार्क व प्रवाळ २००१ मध्ये तीत समाविष्ट झाले. असा प्राणी जाळ्यात सापडल्यास तो सोडविण्यासाठी पुष्कळदा जाळे कापावे लागते आणि गरीब मच्छीमारास ते नुकसान सोसत नाही. म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने भरपाईची योजना जाहीर केली. संरक्षित प्राणी जिवंत सोडताना फाटलेल्या वा कापलेल्या जाळ्यापोटी कमाल २५,००० रुपये देण्याची तीत तरतूद असून पुराव्यादाखल मच्छीमाराने स्वतः काढलेली छायाचित्रे वा चित्रफीत ग्राह्य धरली जाते.