आठवड्याची गोळी

संपादकांना हवा होता कॅन्सरवरच्या नव्या यंत्रांचा लेख. चंद्रपूर-गडचिरोलीकडे निघालो खरा, पण मन अडकलं ते गोळ्यांच्या तीन पाकिटांत.

इथल्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खसाखसा घोटतात. झाला खर्रा! राज्यात गुटखाबंदी 2012 साली आली. घोटणारे हात थांबले नाहीत. ‘सर्च’ संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट यांचं ‘मुक्तिपथ’ अभियान 2016पासून गडचिरोलीत त्यामागे लागलंय. तोवर तोंडाच्या गाठी येतच आहेत, त्याही बऱ्याचदा उशिरा.

शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या अशा पेशंटसाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी स्वस्त औषधांची मोट बांधली. मेथोट्रेक्सेट अल्प मात्रेत पेशींची वाढ रोखतं, शिवाय गाठीला रसद पोचवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्याही. सेलेकॉक्सिब ही मुळात सांधेदुखीची गोळी. ती दाहाला हातभार लावणारं कॉक्स-2 अडवते. एर्लोटिनिब पेशीला ‘वाढ’ असं सांगणारा ईजीएफआरचा निरोप मध्येच तोडतं. एकच वाट अडवली तर कॅन्सर दुसरी धरतो, म्हणून तिन्ही एकदम.

पहिल्या दोनच गोळ्यांची 2020 साली छापून आलेली चाचणी 422 जणांवर झाली. सलाईनमधून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान 6.1 महिने, गोळ्यावाल्यांचं 7.5. हे बरं होणं नव्हे. पण ते महिने वॉर्डात नाही, घरी जातात. गडचिरोलीतल्या दूरच्या भामरागडच्या माणसाला ही गोष्ट लहान नाही. पुढे 151 जणांच्या चाचणीत तिन्ही गोळ्यांना निवोलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या इंजेक्शनची जोड दिली, नेहमीच्या 240ऐवजी फक्त 20 मिलिग्रॅम. वर्षभर जगणारे 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले.

आता काळजीचं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. बाकीच्या दोन्ही रोजच्या, म्हणून हीही कुणी रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. आठवडी बाजाराचा वार ठरवून द्यावा, असं मला वाटतं. तो इथे कुणी चुकवत नाही. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, मग रक्ततपासणी कुठली? सुपारीने जबडा इतका आखडतो की काहींच्या तोंडात दोन बोटंही शिरत नाहीत. गोळी गिळणार कशी?

आणि निवोलुमॅबची 100 मिलिग्रॅमची कुपी घेतली, तर ती पाच जणांत वाटली तरच स्वस्त पडते. म्हणजे सिरोंचा, एटापल्ली, कोरपन्याचे पाच पेशंट एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात हजर हवेत. एसटी वेळेवर आली तर.