दारी आलेले विद्यापीठ, पुढे काय?

ठाणे : मुंबई विद्यापीठ म्हटले, की डोळ्यांसमोर उभा राहतो तो फोर्टमधील राजाबाई टॉवर, नाही तर कलिन्याचे विद्यानगरी संकुल. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र या दोन्ही वास्तूंचा अर्थ आधी लोकलचा प्रवास असा होतो. कल्याणहून सीएसएमटीचे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे. हे अंतर कमी करण्यासाठी विद्यापीठाने ठाण्यात बाळकुम येथे आणि कल्याणमध्ये गांधारे परिसरात उपपरिसर उभारले. ठाण्यात विधी व व्यवस्थापनाचे पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम, तर कल्याणमध्ये अभियांत्रिकी व उपयोजित विज्ञान असा भर आहे. दोन्ही ठिकाणची जागा महापालिकांनी दिली, म्हणजेच या वास्तूंमागे करदात्या नागरिकांचे भांडवल आहे. त्याच्या मोबदल्यात शहराला काय मिळते, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

महाविद्यालयांचे जाळे

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ प्रारंभी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारी संस्था होते. आज मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. त्याचे खरे बळ आहे ते संलग्न महाविद्यालयांत. १९३५ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय, कल्याणचे १९७२ पासूनचे बिर्ला महाविद्यालय, डोंबिवलीचे पेंढरकर महाविद्यालय या संस्थांनी इथल्या पिढ्या घडवल्या. महाविद्यालय स्वायत्त झाले, तरी पदवी विद्यापीठाचीच असते.

या जाळ्याचा लाभ केवळ पदवीपुरता नाही. बांदोडकर महाविद्यालय ठाणे खाडीच्या काठावर वसले आहे. तेथील प्राणिशास्त्र विभागाने खाडीतील जीवसृष्टीचा आणि प्रदूषणाचा दीर्घकाळ अभ्यास केला. पुढे २०१५ मध्ये खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. आपल्या अंगणातील निसर्गाची नोंद स्थानिक महाविद्यालयाने वर्षानुवर्षे ठेवणे, हे बाहेरून आलेल्या कोणत्याही सल्लागार कंपनीला साधणारे काम नव्हे.

वर्गाबाहेरचे १२० तास

समाजाशी थेट नाते जोडणारी दोन दालने आहेत. पहिले, २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधी जन्मशताब्दी वर्षात देशभर सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी व्हावे, अशी तिची रचना आहे. दुसरे दालन विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचे. महिलांच्या स्थितीचे सर्वेक्षण, लोकसंख्या शिक्षण, अन्नपूर्णा योजना, करिअर प्रकल्प अशा उपक्रमांपैकी एक विद्यार्थी निवडतो. वर्षभरात १२० तासांचे काम पूर्ण करणाऱ्यास १० वाढीव गुण देण्याची पद्धत येथेच रुजली. सर्वेक्षणासाठी विद्यार्थी घरोघर जातात, प्रश्नावली भरून घेतात आणि अहवाल लिहितात. 'उडान' महोत्सवात हेच विषय पथनाट्य व भित्तिपत्रकांतून मांडले जातात.

आता या कामाला अभ्यासक्रमातच स्थान मिळाले आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३ मध्ये ठरवलेल्या श्रेयांक आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग उपक्रमांचा समावेश आहे. त्याआधी, १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने उपपरिसर आणि आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळांची तरतूद केली.

कागदावरून वस्तीकडे

तरतूद झाली म्हणून भागीदारी होते असे नाही. शिक्का मिळवण्यापुरते तास भरले, अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात बंद राहिला, तर ज्या गृहिणीने दारात उभे राहून वीस प्रश्नांची उत्तरे दिली तिच्या पदरी काहीच पडत नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. एवढ्या विस्ताराच्या शहरांना पाणी, कचरा, वाहतूक, आरोग्य यांची प्रभागवार माहिती सतत लागते, आणि ती गोळा करू शकणारे मनुष्यबळ महाविद्यालयांत आहे.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. महापालिकेने वर्षारंभी आपले प्रश्न महाविद्यालयांपुढे ठेवावेत, विद्यार्थ्यांनी त्यांवर काम करावे आणि निष्कर्ष मराठीत, त्याच प्रभागातील नागरिकांसमोर मांडावेत. उपपरिसरातील अभियांत्रिकी आणि विधी शाखांचे ज्ञान सोबतीला घेता येईल. वाचनालयांची साथ तर येथे पूर्वीपासूनच आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा सभागृहांत विद्यार्थ्यांचा अहवाल वाचला गेला आणि नागरिकांनी त्यावर प्रश्न विचारले, तर महापालिकांनी दिलेल्या जमिनीची परतफेड खऱ्या अर्थाने सुरू होईल.