वही दुसऱ्याकडे, किल्ली आपल्याकडे

बिटकॉइनच्या वॉलेटला स्वतःला फारशी जागा लागत नाही. त्यात असतात गुप्त किल्ल्या, आणि बहुतेक वॉलेटांमध्ये त्या १२ किंवा २४ शब्दांवरून पुन्हा तयार करता येतात. जागा खाते ती ब्लॉकचेन, म्हणजे जानेवारी २००९पासूनच्या प्रत्येक व्यवहाराची वही. ती आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. कमी जागेचं वॉलेट निवडायचं म्हणजे ही वही कोणी सांभाळायची आणि त्याच्यावर किती विसंबायचं, हे ठरवायचं.

‘बिटकॉइन कोअर’ हे मूळ सॉफ्टवेअर अख्खी वही उतरवून प्रत्येक नोंद स्वतः तपासतं. त्यातल्या ‘प्रून’ पर्यायात तपासून झालेले जुने ब्लॉक पुसले जातात आणि ब्लॉकांसाठीची मर्यादा ५५० एमबीपर्यंत खाली आणता येते. खर्च न झालेल्या नाण्यांची यादी मात्र ठेवावीच लागते. तिलाच दहा जीबीहून अधिक जागा लागते. शिवाय सुरुवातीला सगळी वही एकदा उतरवावी लागतेच, त्यामुळे डिस्क वाचली तरी डेटा वाचत नाही. पुढे एखादं जुनं वॉलेट जोडून त्याचे व्यवहार शोधायचे झाले, तर पुसलेले ब्लॉक पुन्हा मागवावे लागतात.

याहून हलकी वाट सातोशी नाकामोतो यांच्या २००८च्या निबंधातच आहे. प्रत्येक ब्लॉकचं शीर्षक फक्त ८० बाइटचं असतं. नऊ लाख ब्लॉकांची शीर्षकं ७२ एमबीत मावतात. आपला व्यवहार अमुक ब्लॉकमध्ये आहे, एवढं पडताळायला ती पुरतात. २०११मध्ये आलेलं ‘इलेक्ट्रम’ याच तत्त्वावर चालतं. बाकीची माहिती ते सर्व्हरला विचारतं.

गोम इथेच आहे. कोणते पत्ते एकाच माणसाचे, हे त्या सर्व्हरला दिसतं. किल्ल्या संगणकातच राहत असल्यामुळे सर्व्हरला पैसे परस्पर काढता येत नाहीत. पण फसवता येतं. २०१८च्या अखेरीस काही भामट्यांनी स्वतःचे इलेक्ट्रम सर्व्हर उभे केले. पैसे पाठवायला गेलेल्या वापरकर्त्याला ते ‘नवी आवृत्ती घ्या’ असा संदेश दाखवत आणि सोबत बनावट सॉफ्टवेअरचा दुवा देत. ज्यांनी ते बसवलं, त्यांची नाणी गेली. त्यानंतर सर्व्हरचा मजकूर जसाच्या तसा दाखवणं इलेक्ट्रमने बंद केलं. तरीही अशी वॉलेटं अधिकृत स्थळावरूनच घ्यावीत आणि फाइलची डिजिटल सही तपासावी. ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण टाळण्यासारखी नाही.

एक्सचेंजवर खातं ठेवलं तर डिस्कवर काहीच लागत नाही. तिथे किल्लीही एक्सचेंजचीच असते, म्हणून त्याला वॉलेट म्हणणं जरा उदारपणाचंच.

घरात एखादा जुना संगणक रिकामा असेल, तर एक टीबीची डिस्क लावून वही त्यावर ठेवता येते आणि लॅपटॉपवरचं ‘स्पॅरो’सारखं वॉलेट त्याला जोडता येतं. मग लॅपटॉपही हलका राहतो आणि आपले पत्ते परक्या सर्व्हरला दाखवावे लागत नाहीत.