निसर्गदृश्य आणि अभिजनांची दृष्टी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील सुखवस्तू वर्गात निसर्गदृश्यांची रेखाटने करीत प्रवास करण्याची प्रथा रूढ झाली. विल्यम गिल्पिन या धर्मगुरूच्या वाय नदीवरील प्रवासग्रंथाने (१७८२) तिला ‘चित्रमयते’चा सिद्धांत पुरविला. निसर्ग पाहावयाचा तो चित्राच्या निकषांवर, ही त्यामागील भूमिका. कित्येक प्रवासी दृश्याकडे पाठ करून काळसर बहिर्वक्र आरशातील त्याचे प्रतिबिंब न्याहाळीत.

या निकषांचा सामाजिक आशय लक्षणीय आहे. नैतिकदृष्ट्या उद्योगी कारागीर श्रेष्ठ असला, तरी चित्रदृष्ट्या रेंगाळणारा खेडूतच अधिक शोभतो, असे गिल्पिनने सरोवर-प्रदेशाच्या वर्णनात (१७८६) म्हटले आहे. याच काळात पार्लमेंटच्या कायद्यांनी सामाईक जमिनींना कुंपणे पडत होती. गुरे चारण्याचे, सरपण गोळा करण्याचे गरिबांचे परंपरागत हक्क संपुष्टात येत होते. रेखाटनात मात्र दारिद्र्य शोभेपुरते उरले आणि श्रम वगळले गेले.

हे वगळणे त्यापूर्वीही आढळते. गेन्सबरोच्या ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’ (सुमारे १७५०) या चित्रात जमीनदार दांपत्याशेजारी पिकाच्या पेंढ्या दिसतात. त्या बांधणारे हात दिसत नाहीत. निसर्गदृश्य या कल्पनेतच पाहणाऱ्याचा अलिप्तपणा गृहीत असतो, हे रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखवून दिले.

म्हणूनच मराठी कवितेतील वा ग्रामीण कथेतील निसर्गवर्णन अभ्यासताना त्याच्या सौंदर्याबरोबरच, ते वाटसरूच्या जागेवरून केले आहे की राबणाऱ्याच्या, हेही तपासणे अगत्याचे ठरते.